गार कॉफीचा रंग

माझ्या धडधाकट उशीच्या खोळीचे ह्या माणसानं चौकोन कापले. फाटकी खोळ घेतली असती तर मी तोंड उघडलं नसतं. म्हणजे उघडलं असतं, पण बेतानं. कपाटात फाटक्या तीन होत्या. त्या सोडून खालच्या खणातली, पाहुण्यांसाठी ठेवलेली, दोनदाच धुतलेली पांढरी खोळ काढली आणि पट्टी लावून कापली. दोन बोटं लांब, दोन बोटं रुंद, सगळे चौकोन एका मापाचे. मागच्या खोलीच्या खिडकीत दोरी बांधून ते चिमट्यांनी टांगले. प्रत्येकाच्या मधोमध एक तपकिरी डाग आणि खाली पेनानं घातलेला आकडा.

मी विचारलं, "अहो, हे काय?"

म्हणाले, "काही नाही."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला असं उत्तर दिलं नव्हतं. "तुला काय करायचंय" हे महिन्यातून एकदा, "डोकं खाऊ नकोस" हे आठवड्यातून एकदा. त्यात राग असतो, आणि रागावलेला माणूस निदान समोर तरी असतो. "काही नाही" म्हणजे दार लावून आतून कडी.

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत एक दिवस शिकवलेलं नाही. कापड रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवायचे, म्हणून मास्तर. गिऱ्हाईक एक कपटा घेऊन यायचं, म्हणायचं अगदी अस्सा रंग हवा, आणि हे तो काढून द्यायचे. कसा काढायचे ते मी कधी विचारलं नाही. कारखान्याचे कपडे दाराबाहेर उतरायचे आणि कारखान्याच्या गोष्टीही दाराबाहेरच ठेवायच्या, असा माझा नियम होता. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून खुर्ची, वर्तमानपत्र आणि माझ्या मागं मागं.

हे सगळं सुरू झालं सहलीपासून. कारखान्यातले आठ म्हातारे मिळून समुद्राकाठी गेले, सहा दिवस. मलाही बोलावलं होतं. मी नाही गेले. दुसऱ्याच्या हातचं खायचं आणि दुसरं कुणी झोपून उठलेल्या गादीवर झोपायचं, हे मला जमत नाही. शिवाय आठ म्हाताऱ्यांचं घोरणं. ह्यांना दाराशी सोडताना मी सांगितलं, "सहा दिवसांत वाळून याल. तिथं तुमच्या तोंडाची चव सांभाळणारं कुणी नाही." हे हसले नाहीत. मला वाटलं, बस चुकेल म्हणून घाबरलेत.

परत आले ते पिशवीत एक काळ्याकुट्ट कॉफीचा डबा आणि घट्ट गोड दुधाचे चार डबे घेऊन. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मी पडले असताना, स्वयंपाकघरातून आवाज.

माझ्या स्वयंपाकघरात एकेचाळीस वर्षांत दुसऱ्या कुणी चूल पेटवलेली नाही. सासूबाईंनीसुद्धा शेवटी चमचे माझ्या स्वाधीन करून टाकले होते. मी उठून बघते तर मास्तर ओट्यापाशी. फडक्यातून कॉफी गाळतायत, थेंब थेंब, श्वास रोखून. एका उंच पेल्यात तळाला गोड दूध घातलं, औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजून. वर काठापर्यंत बर्फ. बर्फ फडक्यात बांधून माझ्या वरवंट्यानं फोडलेला. मग ती काळी कॉफी वरून सोडली. खाली पांढरं, वर काळं, मधे तपकिरी धूर उतरल्यासारखं. दिसायला चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मग ढवळलं. एक थेंब चमच्यानं कापडाच्या चौकोनावर टाकला. आणि उरलेलं पिऊन टाकलं, डोळे मिटून, वाट बघत बसल्यासारखे.

"मला?" मी म्हटलं.

दचकले. "अजून जमली नाही," म्हणाले.

"जमली नाही तर प्यायलात कशाला?"

"बघायला."

आता माणूस सहलीला जातो, तिथं काहीतरी पितो, घरी येऊन तसं करून बघतो, ह्यात वावगं काही नाही. मलाही एवढं कळतं. पण घरात दोन माणसं असताना पेला एकच. आणि दिवसातून दोनदा. दुपारच्या जेवणाला अर्धा भात टाकून उठायचं आणि तासाभरानं ही कॉफी. मला कशाची भीती वाटली ते उघडच सांगते. ह्या घरात माझा मान माझ्या स्वयंपाकाचा आहे. मी चार यत्ता शिकले, त्यातली चौथी अर्धीच. दिसायला मी कधी फार नव्हते, आणि जीभ कशी आहे ते तुम्ही बघताच आहात. पण माझ्या ताटावरून उठलेला माणूस तृप्त उठतो, हे चार गल्ल्यांना माहीत आहे. ह्या वयात माझाच माणूस माझ्या ताटावरून अर्धा उठून परक्या पेयाला तोंड लावतोय, आणि ते माझ्यापासून लपवतोय. मग माझं ह्या घरात उरलं काय?

थोरलीला फोन केला. थोरली म्हणजे माझी मुलगी, लांब असते, सल्ले मात्र जवळून देते.

"आई, बाबांना छंद लागलाय. लागू दे की."

"छंद असा असतो होय? खोळ कापली माझी!"

"मी दुसरी पाठवते."

"खोळीचा प्रश्न नाही गं."

"मग कशाचा आहे?"

तेच मला कळत नव्हतं, तर तिला काय सांगू? फोन ठेवून दिला.

मग मी ते चौकोन वाचायला घेतले. ह्यांनी आकड्याखाली बारीक अक्षरात काहीबाही लिहिलं होतं. मला वाचायला बोट लागतं आणि उजेड लागतो. नववा: "तांबूसपणा कमी." बारावा: "जवळ आली, पण खालून हिरवट." चौदावा: "काल ओली बघितली, फसलो." मी तीनदा बोट फिरवलं. कोण जवळ आली? कोण ओली? खुर्चीत बसून मी त्या चौदाव्या चौकोनाकडे बघत राहिले. सत्तरी गाठलेला माणूस, गुडघे वाजतात, जिन्यावर दोनदा थांबतो. हा कुणाच्या नादी लागणार? आणि लागला तरी तिच्याबद्दल उशीच्या खोळीवर कोण लिहितं?

पंधरावा वाळत होता त्या दिवशी मी पेल्याच्या तळाशी उरलेलं चाखलं. बोट बुडवून, चोरून, माझ्याच घरात.

थुंकले. मोरीपर्यंत जायलाही थांबले नाही.

त्यात हळद होती. कॉफीत हळद! गोड दूध, बर्फ, कॉफी आणि वर सढळ हातानं हळद. आणि हा माणूस तो आख्खा पेला डोळे मिटून प्यायला होता, चेहऱ्याची सुरकुतीही हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पाळत ठेवली. त्या दिवशी बीट किसलं. किसून पिळलं आणि रस घातला, सहा थेंब, मोजून. प्यायले. पेला धुतला, पालथा घातला, जागच्या जागी.

आता मला कशाचाच थांग लागेना. कुणा वैदूनं काही सांगितलं म्हणावं, तर डोळे मिटून वाट कसली बघतात? डोक्यावर परिणाम झाला म्हणावं, तर विजेचं बिल, गॅसचा नंबर, माझ्या गोळ्यांची वेळ, सगळं तोंडपाठ. मी मुद्दाम विचारलं, "आज वार कोणता?" म्हणाले, "गुरुवार. का गं, तू विसरलीस?" वर माझ्याकडेच काळजीनं बघायला लागले. दोन दिवस मलाच बदाम खायला दिले.

मला खिजवायला करतायत असंही वाटून गेलं. पण खिजवणारा माणूस चोरून बघतो, कुणी चिडतंय का. हे माझ्याकडे बघतच नव्हते.

आणि मग सापडला रुमाल.

ह्यांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. सहलीला जाताना मी ह्यांना सहा पांढरे रुमाल दिले होते. आल्यावर पाचच धुवायला पडले. सहावा कुठं विचारलं तर "बसमध्ये राहिला" म्हणाले होते. हा तो सहावा. त्याच्यावर हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग, आणि वास, आंबलेल्या दुधाचा.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं विचारायचं. मी विचार केला, विचारलं की पुन्हा ते "काही नाही" ऐकायचं. त्यापेक्षा असं काहीतरी करावं की तोंडातून खरं बाहेर पडेल. आणि आणखी एक सांगते. डाग दिसला की माझा हात थांबत नाही. माझ्या घरात हळदीचा डाग टिकलेला नाही, शाईचा टिकलेला नाही, ह्यांच्या कारखान्यातला निळासुद्धा मी काढलाय. रुमाल लिंबू लावून उन्हात ठेवला. पुन्हा साबण, पुन्हा ऊन. दुधाचा डाग चिवट असतो, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी रुमाल पांढराशुभ्र. इस्त्री केली, चार घड्या घातल्या आणि दुपारी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"बसमध्ये राहिलेला रुमाल," मी म्हटलं, "चालत आला."

ह्यांनी रुमाल उचलला. उलगडला. उलटा केला. खिडकीपाशी गेले, उजेडात धरला, डोळ्यांजवळ, मग लांब. मला आत कुठंतरी बरं वाटत होतं, आता सुटेल जीभ.

"धुतलास?" म्हणाले.

"मग काय पूजून ठेवू?"

"सगळा गेला?"

"माझ्या हातून राहतो कधी?"

ते खुर्चीत बसले. असे बसले की खुर्ची करकरली. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, तशी तयारी करूनच उभी होते. पण ह्यांचे डोळे भरले. रुमालाची घडी पुन्हा घातली, माझ्याच घड्यांवरून, आणि म्हणाले, "तुझं चुकलं नाही." जेवले नाहीत. मागच्या खोलीत गेले, दोरी सोडली, चौकोन एकेक काढून डब्यात ठेवले. एकवीस होते. त्या दिवशी कॉफी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ओटा माझा मला परत मिळाला आणि मला तो नकोसा झाला.

एका डागासाठी म्हातारा माणूस रडला. कुणाचा होता तो डाग? मी रात्रंदिवस तेच घोकत होते. शेवटी छत्री घेतली आणि टोपीवाल्याकडे गेले.

टोपीवाला म्हणजे ह्यांचा कारखान्यातला जोडीदार. टक्कल लपवायला बारा महिने टोपी घालतो, झोपतानाही काढत नाही असं त्याची बायकोच सांगते. सहलीत दोघं एका खोलीत होते. तो अंगणात सायकलची साखळी पुसत बसला होता.

"या वहिनी! मास्तर बरा आहे ना?"

"ते तुम्ही सांगायचं, भावजी. तिथं काय घडलं?"

"काय घडणार? आठ म्हातारे. सातांना सर्दी झाली."

"बाई कोण होती?"

टोपीवाल्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. "बाई? कुठली बाई?"

"जवळ आली ती. ओली. खालून हिरवट." मी तोंडपाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग टोपी काढली. मी ते टक्कल पहिल्यांदा बघितलं. हसता हसता त्याला खोकला लागला, त्याची बायको पाणी घेऊन धावत आली.

"अहो वहिनी, ती चिंधी! चिंधीबद्दल लिहिलंय! नमुन्याशी जुळवायचं तर आम्ही असंच लिहायचो. जवळ आली म्हणजे नमुन्याजवळ आली. ओली चिंधी गडद दिसते, फसवते, म्हणून वाळवून बघायची, खिडकीच्या उजेडात. तांबडं कमी पडलं तर तांबडं दोन थेंब, पिवळं कमी पडलं तर पिवळं. एकेचाळीस वेळा केलंय मास्तरनं एका रंगासाठी, गिऱ्हाईक म्हणत होतं चालेल, हा म्हणायचा नाही चालणार."

हळद. बीट. माझ्या डोक्यात तेवढं एक खटकन बसलं.

"आणि नमुना?" मी विचारलं.

"नमुना तो रुमाल असणार. धक्क्यावर एक म्हातारी गार कॉफी विकायची. पाठीत वाकलेली, नव्वदीची असेल, तुम्ही तिच्यावर संशय घेऊ नका. आम्ही सगळ्यांनी घेतली. मास्तरनं एक घोट घेतला आणि असा उभाच राहिला. पेला तिरका झाला, अर्धी कॉफी हातातल्या रुमालावर. आम्हाला वाटलं ऊन लागलं. तर म्हणाला, आणखी एक दे. तीन पेले प्यायला वहिनी! मधुमेह नाही म्हणून वाचला."

"एवढी चांगली होती?"

"छे! गोडमिट्ट. माझे दात सळसळले."

मी परत निघाले. रस्त्यात दोनदा भलत्याच वळणावर गेले, इतकं डोकं भणाणलं होतं. कापडावरचं कळलं, रुमालाचं कळलं, आणि गाठ होती तिथंच होती. कापडाचा रंग जुळवतात, कारण कापड अंगावर घालायचं असतं. कॉफी काय अंगावर घालायचीय? कॉफी जुळवायची तर तोंडात घ्यायची, चव बघायची. शेंबड्या पोरालाही कळेल. रंग बरोबर यावा म्हणून हळद घालायची आणि ती मुकाट्यानं प्यायची, असं डोळस माणूस कसं करेल?

घरी आले. हे खुर्चीत, वर्तमानपत्र उघडं, पान कालचं.

मी चपलाही न काढता विचारलं. "अहो, तुम्हाला तोंड नाही का? डाग गेला तर गेला. चव घेऊन बघायची आणि जुळवायची!"

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"चवीनं जुळवता आलं असतं," म्हणाले, "तर मी तुझी खोळ कशाला कापली असती?"

मी उभीच. मला कळलं नाही, आणि मग थोडं कळलं, आणि ते कळू नये असं वाटलं.

"म्हणजे?"

"तो ताप आला होता ना मला. त्यानंतर काही लागत नाही जिभेला. वासही नाही. गरम कळतं, गार कळतं, मऊ, कडक. बाकी ओला कागद."

"ताप येऊन आठ महिने झाले."

"हो."

आता तुम्हाला एक सांगायचं राहिलं, ते सांगायला जड जातंय. ह्या माणसानं चाळीस वर्षं माझ्या जेवणाला नावं ठेवली. मीठ हात राखून घाल, कांदा करपलाय, काल भाजी बरी होती. आम्ही भांडायचो, भांडून जेवायचो, आणि ताट मात्र चाटूनपुसून. तापातून उठल्यावर एकाएकी ते थांबलं. रोज "झकास". भात झकास, रस्सा झकास. एकदा मी फोनवर बोलता बोलता रश्श्यात मीठच घातलं नव्हतं. ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाले झकास. मी थोरलीला अभिमानानं सांगितलं, "शेवटी सुधारला गं तुझा बाप, चाळीस वर्षं लागली." बाजारात सांगितलं. पाण्याच्या रांगेत सांगितलं. आठ महिने मी हवेत होते.

"मग झकास कशाला म्हणायचात?" मी विचारलं.

"तू ताट वाढून समोर बसतेस. माझ्या तोंडाकडे बघत."

"म्हणून?"

"काय सांगू? की तुझा रस्सा आणि पाणी मला सारखं? तुझ्याकडे दुसरं..." आणि पुढं बोलले नाहीत. बरं केलं. पुढचा शब्द आला असता तर मी वरवंटा फेकला असता. पण तो शब्द काय होता ते मला ठाऊक होतं, कारण तो मीच मनात रोज म्हणत आले होते.

"आणि ती कॉफी?"

ह्यांचा चेहरा बदलला. खुर्चीत पुढं सरकले. "ती लागली. शपथेवर सांगतो. आधी इथं मागं, जिभेच्या मुळाशी, कडू टोचलं. मग गोड असं आलं की कानात घुमलं. तिन्ही पेले लागले. मी म्हटलं, ती तशीच्या तशी जमली की तोंड उघडेल. रोज दोन पेले घेतले की हळूहळू बाकीचंही लागेल. तुला कळायच्या आत सगळं जागेवर. म्हणून अगदी तशीच हवी होती. मला रंग तेवढा कळतो."

"दुसऱ्या दिवशी गेला नाहीत तिथं?"

"गेलो की. पाऊस होता, म्हातारी आली नव्हती. सहल संपतच आली होती, तिसऱ्या दिवशी निघालो."

म्हणजे एकच दिवस. मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही, की तिथं ह्यांच्या जिभेला खरंच काही लागलं, की इतक्या महिन्यांनी जोडीदार भेटले, वारा लागला, आणि मी समोर बसून तोंडाकडे बघत नव्हते, म्हणून लागलं. हे मी विचारलं नाही. उत्तर काय येईल ह्याची मला खात्री नव्हती, आणि ज्याची खात्री नाही ते मी विचारत नाही.

मी चपला काढल्या, हात धुतले आणि म्हटलं, "उठा. त्या म्हातारीनं काय काय केलं, एकेक सांगा. हळद आणि बीट सोडून."

"तू करणार?"

"मग कोण, टोपीवाला?"

ते ओट्याशी उभे राहिले. डबा उघडला. मी कॉफीचा वास घेतला; तो ह्यांना येत नव्हता हे मला आठवलं आणि मी डबा लगेच बंद केला. पाणी उकळलं. "किती पूड?" "मुठीनं घालायची ती." "तिची मूठ केवढी?" "तुझ्याहून लहान." मी मूठ आवळून घातली. फडक्यातून गाळली, तिनं दोनदा गाळलेली म्हणून दोनदा. तळाला गोड दूध. मी मोजलं नाही, माझ्या हाताला कळतं. बर्फ ह्यांनी फोडला, ते काम ह्यांना चांगलं जमतं. मी चमच्यानं चाखत होते. "कडू टोचलं म्हणालात, किती? कारल्याएवढं की औषधाएवढं?" हे विचार करायचे. "जळक्या लाकडाएवढं." "लाकूड कधी खाल्लंत?" तरी मी आणखी थोडी काळी कॉफी ओतली. असं आमचं चाललं होतं, ते आठवून सांगतायत आणि मी ते तोंडात शोधतेय, आणि जिभेवर आलं ते तेच आहे की दुसरं काही, हे दोघांनाही ठाऊक नाही.

पेला भरला. ह्यांच्या हातात दिला. खुर्ची ओढून मी समोर बसले, मग उठून खुर्ची बाजूला घेतली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. ते प्यायले ते मला ऐकू आलं. एक घोट. मग दुसरा, सावकाश, तोंडात फिरवून. बर्फ पेल्यात वाजला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

न राहवून मी वळलेच. ह्यांचे ओठ त्या "झकास"साठी उघडत आले होते. मी बघतेय हे बघून ते तसेच राहिले. मग ह्यांनी पेला ओट्यावर ठेवला.

"गार आहे," म्हणाले. "बाकी काही लागलं नाही. खरंच नाही गं. काहीच नाही."

आणि माझ्याकडे बघत राहिले, हातून काही सांडल्यासारखे. मी पेला उचलला, उरलेला एका दमात प्यायले. दात सळसळले. तोंड पुसलं आणि ह्यांना सांगितलं:

"ऐका. कॉफी गोडमिट्ट झालीय, ती चूक माझी, ती मी उद्या सुधारीन. तुमची जीभ गेली त्याला तुमचा इलाज नव्हता, त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. पण आठ महिने माझ्यासमोर बसून तुम्ही खोटं जेवलात, आणि ते मला वाईट वाटू नये म्हणून! माझी कीव केलीत तुम्ही, माझ्याच ताटावर बसून. तुम्ही भित्रे आहात आणि खोटारडे आहात, आणि उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, मी बरोबर येणार. डॉक्टरशी मी बोलणार. तुम्ही फक्त जीभ बाहेर काढायची."